चंदाची उरलेली कार्डं

४ सप्टेंबर १९८८, रविवार

आज रेडिओवर चंदाचं नाव आलं.

तेरवी होऊन चार दिवस झाले. सकूमावशीची चूल अजून धड पेटत नाही, म्हणून मायनं बांधून दिलेल्या भाकरी घेऊन गेले होते. दुपारचा दीड. शेजारी फर्माईशीचा कार्यक्रम लागलेला. निवेदक नेहमीच्या चालीत गावांची, माणसांची नावं वाचत होता. मध्येच आमचं गाव. "चंदा, सकूमाय आणि मळ्यातले सर्व." मग गाणं.

सकूमावशी भिंतीला टेकून बसली होती. लेकीचं नाव ऐकून दचकली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "निमे, तिकडं कोनी सांगतलं नाही वाटते."

काका, म्हणजे चंदाचे वडील, ताटावरून उठून मळ्यात निघून गेले.

५ सप्टेंबर

कार्डं ती एकदम लिहायची. आठ, दहा, कधी पंधरा. विहिरीच्या काठावर बसून, वांग्यांच्या टोपलीवर पाट आडवा टाकून. सोमवारी भाजी घेऊन आदिलाबादच्या बाजारात गेली की तिथल्या लाल पेटीत सगळी सोडून द्यायची. रेडिओ स्टेशनवर ती पोत्यात पडतात आणि हाताला येतील तशी वाचतात. तेव्हा अजून असणार. किती असतील?

१९ ऑगस्टला गेली. ताप डोक्यात चढला. मी चार दिवस प्रौढ शिक्षणाच्या ट्रेनिंगला आदिलाबादला होते. परत आले तर बस थांब्यावरच कोणीतरी माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि

आज नको.

काल तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. आधी प्रत्येक कार्डावर असायचं. चंदा, निर्मला, सकूमाय. चौथीत असल्यापासून हाच क्रम.

६ सप्टेंबर

लिहूनच टाकते.

जूनमध्ये निकाल लागला. आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. त्याच आठवड्यात, मी घेते त्या बायांच्या वर्गाच्या कामासाठी मंडल ऑफिसात गेले होते. तिथले एक साहेब अर्ज बघत म्हणाले, "निर्मला? रेडिओवर फर्माईशीत असते ती तूच का?" आणि दोघं-तिघं हसले. वाईट नव्हते हसले. पण माझे कान तापले.

तशीच मळ्यात गेले. चंदा पाटाच्या पाण्यात वांगी धूत होती. मी म्हणाले, "हे बघ, मी आता बी.ए. झाले. असल्या कार्डांवर माझं नाव टाकत जाऊ नको."

तिनं वर पाहिलं. "बरं, बाई," म्हणाली.

बस. मला ती कधी बाई म्हणायची नाही. निमे, निमडे, म्हैस, काहीही म्हणायची. नंतर दोन महिने आम्ही बोललो, हसलो, तिच्या मळ्यातल्या काकड्या खाल्ल्या. तो विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

११ सप्टेंबर, रविवार

आलं. आज परत आलं. "चंदा, निर्मला, सकूमाय."

माझं नाव होतं! क्षणभर इतकं बरं वाटलं. मग लक्षात आलं की हे कार्ड जूनच्या आधीचं असेल. पोत्यात तळाशी राहिलेलं. म्हणजे आधीची कार्डं नंतर लागतात, नंतरची आधी. कसं कळायचं?

पोळ्याच्या गडबडीत गावाचं लक्ष नव्हतं. सकूमावशीनं मात्र रेडिओ पदरात घेतला होता. चंदाचाच. लाल, तारेनं आवळलेला.

१४ सप्टेंबर

वर्ग सुटल्यावर सकूमावशी आली. एका हातात कोरं कार्ड, दुसऱ्या हातात मला चार भेंड्या.

"निमे, एक लिव. चंदाचं नाव टाक, माहं टाक. आता तिची कार्डं सरतीन."

मी म्हणाले, "मावशी, ती नाही आता. खोटं होईल ते."

"घरात कोनी तिचं नाव घेत नाही वं. तुहे काका नाही घेत. बाया बसाले येतात, 'पोरगी' म्हनतात, 'झालं ते झालं' म्हनतात. एक तो रेडिओवालाच तिचं नाव घेते. तो काय खोटं बोलते?"

कार्ड ठेवून घेतलं. लिहिते म्हणाले, पण लिहिलं नाही. आजच फळ्यावर मी बायांकडून 'खरे बोलावे' गिरवून घेतलं होतं.

१६ सप्टेंबर

काका बांधावर भेटले. ते बोलायच्या आधी डोक्याचं फडकं सोडून परत बांधतात, तसं दोनदा केलं.

"निमे, तू शिकलेली. त्या रेडिओवाल्याइले एक दरखास्त लिहून दे. का पोरगी वारली. आता नाव पुकारू नका."

"मावशीला विचारलं?"

"तिले काय इचारतं? मसनातून येतानी मानूस मांगं वळून पाहते काय? नाही पाहत. काऊन? का गेलेल्याचा पाय अडकते. अन् इथं दर ऐतवारी हाका मारून राह्यले. जाऊ द्या ना माह्या पोरीले."

तिथंच बांधावर बसून लिहून दिली. त्यांनी अंगठा केला. "टाकून देजो," म्हणाले.

आता माझ्याकडे दोन कार्डं आहेत. एक मावशीचं कोरं, एक काकांचं अंगठ्याचं. गावात शिकलेली एकच असली की असं होतं.

१८ सप्टेंबर, रविवार

आलं. चंदा, सकूमाय. मी नाही.

काकांनी विचारलं, दरखास्त टाकली? मी हो म्हणाले.

टाकलेली नाही. या वहीत आहे. मावशीसाठी टाकली नाही असं मी स्वतःला सांगते आहे. पण खरं कारण ते नाही. जूनमधल्या त्या बोलण्यानंतर तिनं मला एकदा तरी नावात घेतलं का, हे मला ऐकायचंय. कार्यक्रम बंद झाला तर कधीच कळणार नाही.

खरे बोलावे.

२५ सप्टेंबर, रविवार

नाही आलं. आवाजही खोल गेलेला. सकूमावशीनं आठवडाभर सेल उन्हात ठेवले होते, तरी शेवटी खरखर. ती रेडिओला कान लावून बसली आणि मी तिच्या तोंडाकडे बघत.

वर्गातल्या बाया म्हणतात, "बाई, तुमचं चित्त कुटं हाय? तुमी आमाले एकच अक्षर दोनदा शिकवलं." वर्ग तपासायला मावला गावाहून आलेल्या निरीक्षकांनाही तेच दिसलं असणार. आंध्र सरकारनं पुस्तकं तेलुगूतली पाठवली आहेत आणि बायांना मराठी हवं. त्यावर मी भांडायला हवं होतं. भांडले नाही.

३ ऑक्टोबर

पोस्टमननं चंदाच्या नावाचं कार्ड माझ्या हातात दिलं. सकूमावशीला वाचता येत नाही म्हणून.

तलमडुगुहून. शकुंतला म्हणून कोणी आहे. तिचंही नाव फर्माईशीत येतं, मला ऐकून माहीत होतं.

"चंदाताई, तुमचं नाव तर रेडिओवर येते, पण माझ्या दोन कार्डांचं उत्तर नाही. मोठ्या झाल्या का? तुमच्या चितकबऱ्या कोंबडीनं अंडी घातली का ते तरी कळवा."

कोंबडीसुद्धा माहीत आहे हिला.

चंदा कोणाला पत्रं लिहिते हे मला तिनं सांगितलं नव्हतं. का सांगेल? मी असल्या कार्डांना हसत होते.

५ ऑक्टोबर

शकुंतलाला उत्तर लिहिलं. चार कार्डं फाडली. 'कळवण्यास दुःख होते' असं लिहिलं की ते शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. शेवटी दोन ओळी. चंदा गेली. मी तिची मैत्रीण.

'मैत्रीण' लिहिताना हात थांबला.

माय म्हणते, "बी.ए. होऊन पोस्टमनकी करून राह्यली."

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शकुंतला आली!

दोन बस बदलून. पस्तिशीची बाई, उंच, हातात सीताफळांची पिशवी, बोटांना सुईचे घट्टे. ब्लाऊज शिवते म्हणे. बस थांब्यावर चंदाचं घर विचारत आली. अंगणात आठ-दहा बाया लगेच गोळा. "ही कोन वं? कुनाकडली?" चुलत, मावस, नणंद, सगळी नाती लावून पाहिली, एक बसेना.

काकांनी विचारलं, "तुमी कोन्याकडल्या, बाई?"

ती म्हणाली, "मी रेडिओकडली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग ती सकूमावशीपाशी बसली आणि जे रडली! आम्ही कोणी तशी रडलो नव्हतो. जिला कधी पाहिलं नाही तिच्यासाठी. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, जणू पोरगी हिची गेली आहे.

नंतर सीताफळं खात ती बोलत राहिली. चंदाताईला वांग्याची भाजी मुळीच आवडत नव्हती, म्हणाली.

मी म्हणाले, "कोण म्हणतं? रोज खायची."

"रोजच खा लागे म्हनूनच त आवडत नव्हती."

सकूमावशी बोलली, "खरं हाय. मुकाट खाये."

सोळा वर्षांची मैत्री. मला माहीत नव्हतं.

निघताना थांब्यापर्यंत सोडायला गेले. मला न्याहाळत म्हणाली, "तुमीच का त्या निमा? शिकलेल्या? तुमचं लय लिवे. आखरीच्या कार्डात बी होतं, का रेडिओवर एक कार्ड असं टाकलं हाय, ते लागलं का आमची निमा जागची उडते."

"रागानं की आनंदानं?"

"ते नाही लिवलं ताई. हसत लिवलं असन. चंदाताई म्हंजे..." आणि बस आली.

१६ ऑक्टोबर, रविवार

नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार

आलं. चंदा, निर्मला, सकूमाय. यात उडण्यासारखं काही नाही. जुनंच.

सकूमावशीचं तोंड उजळलं. माझं पडलं. तिनं ते पाहिलं. "काऊन वं? तुहं बी नाव आलं ना?"

१ नोव्हेंबर

कापूस फुटला. वर्गात तीनच बाया. त्यांची बोटं बोंडांनी चिरलेली, पेन्सिल धरवत नाही. त्यांना कसं सांगू की शिका?

रडू येतं ते भलत्याच वेळी. आज पाटी पुसताना आलं.

९ नोव्हेंबर

दिवाळी. सकूमावशीच्या घरी काही नाही. मायनं करंज्या दिल्या, मी नेल्या. काका म्हणाले, "रेडिओवाले काही आयकत नाहीत वाटते. दरखास्त पोचली नसन." मी करंज्या ताटात मांडत राहिले.

मंडल ऑफिसात माझ्या कामाचा अहवाल मागितलाय. त्यात 'केंद्रचालिकेचे चारित्र्य' असा एक रकाना आहे.

२१ नोव्हेंबर, सोमवार

गेले एकदाची आदिलाबादच्या रेडिओ स्टेशनवर.

दरखास्त हातानं द्यायची आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून निघाले होते. निदान घरातून निघताना तरी तसंच होतं. स्टेशनवर आत सोडतील असं वाटलं नव्हतं. एका खोलीत कार्डं लावणारे गृहस्थ बसले होते, वयस्क, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गावाचं नाव सांगितलं तर म्हणाले, "वो बैंगनवाली? हौ, मालूम ना. हर कार्ड पे पूछती, अनाउन्सर साब की खाँसी कैसी है. अडुळसा लेव बोलके लिखती."

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "हम तो पढ़तेच जा रहे ना, अम्मा. किसीने बताया नहीं."

दरखास्त पुढं केली. वाचून म्हणाले, "बाप का अंगूठा है. उसकी कार्डां हैं तो निकाल देतौं. ढूंडना पड़ेगा." आणि पोतं चटईवर ओतलं.

आम्ही दोघं बसून शोधत होतो. हजारो कार्डं. जैनथ, तलमडुगु, कुठकुठली खेडी. हळदीचे डाग, तेलाचे डाग, कोणी फुलांची किनार काढलेली, कोणी पाच पोरांची नावं ओळीनं. यातल्या कितीजणांचं नाव मतदार यादी आणि रेशन कार्ड सोडून कुठं लिहिलेलं असेल? आणि मी याला 'असली कार्डं' म्हणाले होते.

सापडलं. एकच उरलंय. शिक्का ८ ऑगस्टचा. म्हणजे जाण्याआधी अकरा दिवस.

"चंदा, निर्मला बी.ए., सकूमाय, मालक, आणि मळ्यातले सर्व. साहेब, खोकला कसा आहे?"

'बी.ए.'भोवती चौकोन काढलाय. दुकानाच्या पाटीसारखा.

हेच ते. मला जागची उडवणारं.

मी ते धरून बसले. ही थट्टा आहे? "मी आता बी.ए. झाले" म्हणत होतीस ना, घे, जिल्हाभर सांगते. की खरंच मिरवायचं होतं तिला? माझ्यापेक्षा तिलाच जास्त? अक्षर तेच, बिनरेघेचं, डावीकडे कललेलं. त्यावरून काही कळत नाही.

ते म्हणाले, "निकालूं? या रखूं?"

मी म्हणाले, तिची आई ऐकते.

"तो माँ का नाम भी है इसपे," ते म्हणाले. "बोलो तो इसीच इतवार लगा देतौं."

नको म्हणाले मी. तुम्ही मुद्दाम लावलं तर ती माझी फर्माईश होईल. तिनं पाठवलं तसंच, हाताला येईल तेव्हा येऊ दे. त्यांनी मान हलवली आणि ते परत पोत्यात टाकलं. वरच्या वर नाही, खाली सारलं, माझ्यासमोर. मी बाहेर आल्यावर मागून म्हणाले, "अम्मा, साल बदला कि पोता खाली होता. पुराने कार्डां निकाल देते. याद रखो."

दरखास्त परत घेऊन आले आहे.

२२ नोव्हेंबर

काकांना सांगितलं. ते वांगी तोडत होते.

"काका, तुमची दरखास्त मी टाकली नव्हती. काल स्टेशनवर नेली आणि परत आणली."

ते तोडतच राहिले. मग म्हणाले, "बी.ए. होऊन हे शिकली काय वं?"

मग टोपलीकडे बोट केलं.

"टोपली धर."

धरली. दोन सऱ्या तोडून झाल्या. काटे टोचत होते, मी हात काढला नाही. मग मीच बोलले, एकच कार्ड राहिलंय. त्यात तुम्ही पण आहात. 'मालक' असं लिहिलंय. आणि माझं, बी.ए. म्हणून. काका, ती मला हसत होती की काय करत होती?

ते कंबर सरळ करून उभे राहिले. एका वांग्याला धरून बघत होते, किडकं आहे का म्हणून.

"मले ती मालकच म्हने. लहानपनापासून. 'मालक, जेवाले चला. मालक, इकडं पानी सोडा.' दीड एकराचा मालक! थट्टा करे का मान देये, मले अजून नाही समजलं. इचारलं बी नाही. वाटे, इचारू कवातरी."

मग टोपली माझ्याकडून घेतली. "दरखास्त फाडू नको. राहू दे तुह्याजवळ."



२७ नोव्हेंबर, रविवार

नाही.

१ डिसेंबर

सकूमावशी वर्गात आली! पाटी मांडीवर घेऊन बसली. "मले सही नाही शिकाची. कार्ड लिवाचं शिकाचं हाय. तू त लिवत नाही." सगळ्या बाया हसल्या, मीही. 'च' उलटा काढला. मी हात धरून सुलटा केला, परत उलटा.

तेलुगू पुस्तक कोपऱ्यात ठेवून दिलं. काय म्हणायचं ते म्हणू देत ऑफिसवाले.

४ डिसेंबर, रविवार

नाही.

मावशी दोन दिवस आली आणि थांबली. कापूस वेचायला जाते.

११ डिसेंबर, रविवार

नाही. निवेदकाला खरंच खोकला आहे. आज पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकला. सकूमावशी म्हणाली, "अडुळसा नाही घेतला त्यानं."

मी त्या दिवशी 'नको' का म्हणाले? त्यांनी आपण होऊन लावलं असतं. सत्तावीस तारखेलाच मावशीनं ऐकलं असतं. माझं तत्त्व! ती पाठवेल तसंच यावं म्हणे. माझ्या तत्त्वापायी त्या माउलीच्या लेकीचं शेवटचं कार्ड पोत्यात राहून जाईल. जूनमध्येही मी असंच काहीतरी मोठं धरून बसले होते.

की मला ते लागायलाच नको होतं? गावभर 'निर्मला बी.ए.' ऐकू येईल म्हणून?

नाही. तसं नाही. तसं नसावं.

१३ डिसेंबर

मावशीला सगळं सांगितलं. एकच उरलंय, मी लावू दिलं नाही, वर्ष सरलं की ते जाईल. वाटलं, शिव्या देईल.

ती म्हणाली, "त्या पोत्यात वर होतं का खाली?"

"खाली."

"तिले सदा खालीच बसा लागे. बसमदी बी." आणि कापसाची पाठीवरची गाठ सोडायला लागली. रागावली की नाही ते मला कळलं नाही.

१८ डिसेंबर, रविवार

नाही आलं.

पण एक गोष्ट. गेले तेव्हा रेडिओचा आवाज खणखणीत होता. मी विचारलं, सेल इतके कसे टिकले? मावशीनं हनुवटीनं दाराकडे दाखवलं. काका उंबऱ्यावर बसून पायाचा काटा काढत होते. बाजारातून नवे आणले म्हणे. आज मळ्यात गेले नाहीत. पाठ आमच्याकडे, पण कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच. तो काटा काही एवढा खोल नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर मी बंद करायला हात नेला तर म्हणाले, "राहू दे. भाव सांगते तो कापसाचे."

२४ डिसेंबर

आज आदिलाबादला जाऊन त्या गृहस्थांना सांगता आलं असतं, काढा ते कार्ड, लावा उद्या. सकाळी थांब्यापर्यंत गेले. बस आली. कंडक्टर म्हणाला, "एक्कंडी, अम्मा." चढले नाही.

परत येताना स्वतःला विचारलं, हा हट्ट आहे की काय आहे? चंदा असती तर म्हणाली असती

काय म्हणाली असती? हेच तर.

२५ डिसेंबर, रविवार

वर्षातला शेवटचा रविवार. सव्वा वाजलाय.

शकुंतलाचं कार्ड आलं काल. तीही ऐकत बसणार आहे, मशीन बंद ठेवून. सासू म्हणते म्हणे, रेडिओतल्या मेलेल्या बाईसाठी कोणी शिवण थांबवते का. तिनं तरी थांबवलंय.

लागलं तर 'निर्मला बी.ए.' म्हणतील. लोक हसतील. मंडल ऑफिसातले साहेब ऐकत असले तर तेही. मला काय वाटेल ते ऐकल्यावरच कळेल, आणि तेव्हाही तिला काय वाटत होतं ते कळणार नाहीच. काकांना 'मालक' ऐकू येईल. एवढ्या वर्षांत बाहेरच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा.

नाही लागलं तर मावशीच्या डोळ्यांकडे बघायचंय. मी 'नको' म्हणाले होते, हे तिला माहीत आहे.

मावशीचं कोरं कार्ड समोर आहे. स्टेशनचा पत्ता लिहिला. नावांची जागा सोडली आहे. कोणाची, कोणत्या क्रमानं, मी ठरवणार नाही. 'च' तिला येतो, उलटा का होईना.

काकांची हाक आली. "निमे! ये वं लवकर. कार्यक्रम लागला पाहाय!"